न जळणारं तेल

सेक्टर १०, भिलाई
२० जुलै १९८६

चि. सौ. तारास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन महिना झाला आणि मी आता उत्तराला बसते आहे. तेव्हा आधी रागावून घे, मग पुढे वाच. लिहायचं होतं ते इनलँडवर लिहिण्यासारखं नव्हतं. इनलँडच्या कडेतून डोकावून वाचणारे महाभाग मी या कॉलनीत पाहिलेत. आज ह्यांच्याकडून पाकीट आणवलं.

विषय आपल्या नलूचा आहे. पोरगी सतरा वर्षांची झाली, अकरावीत गेली, उंचीनं माझ्या कानाला लागली, पण अजून शहाणी झाली नाही. तू नि मी तेराव्या वर्षीच कोपऱ्यात बसलो होतो, आठवतं ना? शेजारच्या क्वार्टरातली चंपा नलूपेक्षा दोन वर्षांनी लहान, तिची ओटी भरून झाली. परवा तिची आई नळावर विचारते, "नलूचं काय जी? अजून काहीच नाही?" मी म्हटलं, "आमच्या घराण्यात उशिराच असते." साफ खोटं बोलले.

इथे दाखवलं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या सेक्टरला कळेल, आणि उद्या स्थळं यायला लागली की त्याचंच भांडवल होईल. तू भंडाऱ्याला आहेस, शाळेत शिकवतेस, चार शिकलेली माणसं ओळखतेस. नागपूरच्या एखाद्या चांगल्या लेडी डॉक्टरला गुपचूप दाखवता येईल का? मी तर देवापाशी बोलून बसले आहे की, ज्या दिवशी ती बातमी येईल त्या दिवशी नलूला हिरवी साडी नेसवून ओटी भरीन आणि क्वार्टरांच्या लाइनीतल्या सगळ्या बायांना बोलावून पेढे वाटीन. हे हसतात. त्यांना हसायला काय जातं!

सोबत ह्यांच्या ऑफिसातल्या माणसाबरोबर एक बाटली पाठवते, तुझ्या सासूबाईंच्या कमरेसाठी. आपल्या गावचा चिंधू आता खुर्सीपारला राहतो. सुपेल्याला जुने ट्रान्सफॉर्मर खोलून दुरुस्त करायचं एक वर्कशॉप आहे, तिथे कामाला आहे. आपल्याला भाऊ नाही म्हणून दर भाऊबीजेला माझ्याकडे येतो आणि ताटात ओवाळणी म्हणून हे तेल ठेवतो, संपलं की मधूनही आणून देतो. यंत्राच्या पोटातून निघतं. माझे गुडघे यानंच उभे राहिलेत. खवट होत नाही, मुंग्या लागत नाहीत, डांबराच्या गोळीसारखा वास येतो तेवढाच. लाइनीतल्या निम्म्या म्हाताऱ्या माझ्या तेलावर चालतात, म्हण ना. नलू तर सहावीत असल्यापासून रोज संध्याकाळी माझे पाय मांडीवर घेऊन बसते, एक दिवस चुकवत नाही. पोरीच्या हाताला गुण आहे.

डॉक्टरचं लवकर कळव. माझं दुसरीकडे लक्ष लागत नाही.

तुझी ताई,
रत्नमाला

*

भंडारा
१४ सप्टेंबर १९८६

ती. सौ. ताईस सा. नमस्कार.

उशीर झाला, पण तुला रागवायचा हक्क नाही, आधी महिना तूच खाल्लास. नागपूरच्या एका डॉक्टरीण बाईंचं नाव आमच्या हेडबाईंनी सांगितलं. नलूला दसऱ्याच्या सुट्टीत माझ्याकडे धाड. मावशीकडे आली म्हटलं की कोणी काही विचारणार नाही. आणि तिला ओरडत बसू नकोस. मुद्दाम करते आहे का ती?

तुझ्या तेलानं सासूबाई खूश आहेत. मी रोज चोळून देते आणि त्या तुला आशीर्वाद देतात, मला नाही. पण गणपतीत एक गंमत झाली. मखरापुढे आम्ही काचेच्या ग्लासात खाली पाणी, वर तेल आणि त्यावर तरंगती वात असा दिवा लावतो. घरातलं तेल संपलेलं. सासूबाई म्हणाल्या, "भिलाईचं वत की, चांगलं दाटं हाय." ओतलं, तर तेल गेलं तळाला आणि पाणी आलं वर! वात चुरचुरली नि विझली. मग मी साध्या पणतीत नुसतं तेल घालून पाहिलं. वातीचा कापूस जळून काळा झाला, पण तेल काही पेटलं नाही. सासूबाईंनी हात जोडले. म्हणाल्या, "आपल्या घरी चमत्कार झाला म्हनतील लोकं."

मी हसले खरी, पण पाण्यात बुडणारं तेल मी कधी पाहिलं नव्हतं. चिंधूला विचार ना, हे नेमकं आहे काय.

दयारामभाऊजींना नमस्कार.

तुझी तारा

*

सेक्टर १०, भिलाई
२८ सप्टेंबर १९८६

चि. सौ. तारास आशीर्वाद.

तुमच्या गणपतीला माझं तेल कामाला आलं नाही याचं वाईट वाटलं, पण मान मात्र ताठ झाली. मी चिंधूला विचारलं. तो म्हणाला, "बाई, म्हनूनच तं मशीनीत भरते ना! इस्तू लागला तरी भडकू नये म्हनून. जुन्या विलायती मशीनीतच निंघते हे, देशी मशीनीत नाही." बघ! विस्तवसुद्धा ज्याला हात लावत नाही ते अंगाला किती थंड असेल. हे मी नळावर सांगितलं तर आणखी तीन बाया बाटल्या घेऊन दारात.

नलूला दसऱ्याला पाठवते. सध्या पोरीचं काही खरं नाही. शाळेतून आली की आडवी होते, भर गरमीत चादर घेते. गालांवर आणि कानामागे काळ्या बारीक दाण्यांची दाटी झाली आहे, मोहरी पेरल्यासारखी. मी म्हटलं, तोंड धूत जा. तर म्हणते, "धोती तो हूँ, निघून नाही राहिले मी काय करू?" या पोरांचं निम्मं मराठी, निम्मं हिंदी, आणि तोंड मात्र पूर्ण.

तू म्हणतेस ओरडू नको. तारा, ती झोपली की मी तिच्या पाठीवर हात फिरवत बसते. उद्या लोक तिला वांझ म्हणतील आणि मी काहीही करू शकणार नाही. म्हणून ओरडते.

तुझी ताई

*

भंडारा
२४ ऑक्टोबर १९८६

ती. सौ. ताईस सा. नमस्कार.

नलू सुखरूप पोचली असेल. तिच्यासमोर नीट बोलता आलं नाही, म्हणून आता लिहिते.

डॉक्टरीण बाईंनी बराच वेळ तपासलं. घाबरण्यासारखं म्हणाल्या नाहीत. शरीराची घडण ठीक आहे, पण गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी मंद चालते आहे असं त्यांना वाटतं. म्हणून तिला थंडी वाजते, झोप येते. गोळ्या दिल्यात, रोज सकाळी उपाशीपोटी द्यायच्या. पाळीवरही त्याचा परिणाम होत असेल. रक्ताचा रिपोर्ट मुंबईहून यायचा आहे.

पण एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. त्यांनी नलूचे हात हातात घेतले आणि खिडकीशी नेले. नखं मुळाशी तपकिरी झाली आहेत, तू पाहिलीस का? मग गालांवरचे दाणे भिंगातून पाहिले आणि विचारलं, "बेटा, किसी कारखाने में काम करती हो?" नलू हसायला लागली. म्हणाली, "मैं तो ग्यारहवीं में हूँ." डॉक्टरीण बाई हसल्या नाहीत.

घरी आले आणि संध्याकाळी सासूबाईंची कंबर चोळायला बसले. ताई, त्यांच्या कमरेवर आणि मांड्यांच्या मागे तसलेच काळे दाणे आहेत. सत्तरीच्या बाईला तारुण्यपीटिका कुठून येणार? मी बाटली उचलली आणि इथल्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे शालिकराम सर आहेत त्यांना नेऊन दिली. पणतीची आणि पाण्याची गोष्ट सांगितल्याबरोबर त्यांचा चेहरा बदलला. नीट पाहून सांगतो म्हणाले.

त्यांचं उत्तर येईपर्यंत तेल बाजूला ठेव. माझी शंका असेल, पण ठेव.

तुझी तारा

*

भंडारा
४ नोव्हेंबर १९८६

ताई,

हे पत्र हातात पडेल त्या क्षणी सगळं तेल घराबाहेर काढ. आधी ते कर, मग पुढे वाच.

शालिकराम सरांनी माझी बाटली परत दिली ती प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून. म्हणाले, साधं ट्रान्सफॉर्मरचं तेल पेटतं आणि पाण्यावर तरंगतं. हे पेटत नाही, कारण पेटू नये म्हणूनच माणसानं ते मुद्दाम बनवलं आहे. तेल नाहीच ते. क्लोरीन जोडून केलेलं रसायन आहे, जुन्या विलायती यंत्रांत भरायचे. बऱ्याच देशांनी ते वापरायचं सोडलं आहे. जपानात ते एकदा चुकून खायच्या तेलात मिसळलं. लोकांच्या तोंडावर असेच काळे दाणे उठले, नखं काळवंडली, आणि गरोदर बायांना जन्मतःच काळपट कातडीची मुलं झाली. 

ते कातडीतून आत जातं. आत गेलं की चरबीत ठाण मांडतं आणि वर्षानुवर्षं निघत नाही. खवट होत नाही म्हणून आपण कौतुक केलं ना? ते बाटलीत जसं सडत नाही तसंच अंगातही सडत नाही.

मग सरांनी मला विचारलं, "सासूबाईंना चोळतं कोण?" मी माझे हात पाहिले. माझे तर तीनच महिने. आणि तिथेच मला नलूची नखं आठवली.

ताई, पाच वर्षं तुझे गुडघे कोण चोळतंय?

तारा

*

सेक्टर १०, भिलाई
५ नोव्हेंबर १९८६

चि. सौ. तारास दिवाळीचे आशीर्वाद.

डॉक्टरीण बाईंच्या गोळ्या चालू केल्या. पण तुझ्या शंकेचं मात्र हसू आलं. अगं, सासूबाईंच्या अंगावर दाणे उठले म्हणजे आतली उष्णता बाहेर पडते आहे. हाच तर तेलाचा गुण! थांबवू नकोस, उलट थोडं वाढव.

आता खरी बातमी ऐक. आमच्या धुण्याच्या बाईनं भागीरथा सुईणीला आणलं. म्हातारीनं नलूचं पोट दाबून पाहिलं आणि म्हणाली, "पोट थंडं पडलं हाय बाई पोरीचं. गरम तेलानं शेकून काढा, दोन महिन्यात मोकळी होते." तारा, इतके दिवस मला हे सुचलं कसं नाही? औषध घरात आणि मी गावभर शोधत होते. नरकचतुर्दशीला अभ्यंगाला तिला डोक्यापासून पायापर्यंत आपल्याच तेलानं चोळून न्हाऊ घातलं. तेव्हापासून रोज शेगडीवर वाटी तापवते, पेटायची भीतीच नाही, आणि बेंबीपासून खाली मी स्वतः चोळते. नलू कुरकुरते, "आई, जलन होती है, उसकी भाप से सर घूमता है." मी म्हटलं, थोडं सोस, तुझ्याच भल्याचं आहे. बिचारी पडून राहते डोळे मिटून.

भाऊबीजेला चिंधूनं यंदा बाटली नाही, अख्खा पाच लिटरचा डबा ठेवला ताटात. म्हणाला, "भाचीसाठी आनला बाई."  सख्खा भाऊ काय वेगळं करतो?

माझं मन सांगतं, संक्रांतीपर्यंत पेढे येतात तुझ्याकडे.

तुझी ताई

*

तार
भंडारा, ९ नोव्हेंबर १९८६

तेल ताबडतोब बंद करा. पोटावर अजिबात नको. मी निघाले. तारा

*

सेक्टर १०, भिलाई
२ डिसेंबर १९८६

चि. सौ. तारास,

तू आलीस, डबा मागच्या अंगणात नेऊन ठेवलास, नलूला साबणानं घासून आंघोळ घातलीस, शालिकराम सरांची चिठ्ठी माझ्यापुढे ठेवलीस आणि मला एक शब्द बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं. तू गेल्यापासून मी स्वतःच स्वतःला बोलते आहे.

तुझी तार आली तेव्हा वाटी शेगडीवर होती. तुझं पत्र त्यानंतर दोन दिवसांनी आलं, दिवाळीच्या सुट्ट्यांनी टपाल अडकलेलं. ते मी उभ्यानं वाचलं. "कोण चोळतंय" तिथपर्यंत आले आणि पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मी गुडघ्यांचा विचार केला होता गं. हातांचा केलाच नव्हता. बारा वर्षांची होती ती, मांडीवर माझे पाय घेऊन पाढे म्हणायची.

मागच्या आठवड्यात खुर्सीपारला चिंधूच्या घरी गेले. त्याला सगळं सांगितलं. तो हसायलाच लागला. "बाई, मी त्याच्यात कोपरापर्यंत हात बुडवून काम करून राहिलो बारा वर्षांपासून. मले काय झालं?" हात पुढे केले दाखवायला. तारा, त्याची नखं! दर भाऊबीजेला मी ती ओवाळताना पाहिली आहेत आणि वाटायचं कामाचा मळ आहे.

त्याची बायको रंभा चुलीशी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. म्हणाली, "चार खेपा दिवस गेले जी मले. चारही खेपा पडलं. ह्याचे कपडे मीच धुते ना, तेलाचे." चिंधू म्हणाला, "तू कावून मधात बोलून राहिली?" पण त्याचं हसू गेलं होतं. मी शालिकराम सरांचं म्हणणं सांगितलं की खात्री कोणी देऊ शकत नाही, गर्भ दहा कारणांनी पडतो. रंभा ऐकून घेत होती आणि माझ्याकडे बघत होती. दर खेपेला तिची कंबर धरली की मीच सांगायचे तिला, चिंधूला म्हण तेल चोळून दे. तिला ते आठवत होतं की नाही कोण जाणे. मला आठवत होतं. तिनं निघताना मला कुंकू लावलं. त्या कुंकवानं मी आणखीच मेले.

चिंधू दुसऱ्या दिवशी वर्कशॉपच्या मालकाशी बोलला. मालक म्हणाला, नाल्यात ओतून टाका, विषय संपला. नाल्याचं पाणी खाली गुरं पितात, पोरं डुंबतात. मी म्हटलं, माझा डबा नाल्यात जाणार नाही.

मग लाइनीत घरोघर गेले. ज्यांना ज्यांना दिलं त्या सगळ्यांकडे. काय सांगू तुला! एकजण म्हणाली, "आता सारं सोत्ताले ठेवाचं असंन." चंपाची आजी म्हणाली, पाच वर्षं चोळते आहे, काही झालं नाही, उलट जिना चढते. आणि तिनं आतून रिकामी बाटली आणून माझ्या हातात दिली, भरून दे म्हणून. गुण सांगायला गेले तेव्हा एका शब्दात विश्वास ठेवला होता त्यांनी. आता घसा बसला तरी कोणी ऐकत नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही ऐकलं नसतं.

डबा अंगणाच्या कोपऱ्यात आहे. जळत नाही, सडत नाही, आटत नाही. सर म्हणाले तसं झाकण बंद करून वर विटा रचल्या आहेत. रोज सकाळी उठून बघते, जागेवर आहे का.

नलूला जानेवारीत घेऊन येते.

ताई

*

भंडारा
२० जानेवारी १९८७

ती. सौ. ताईस सा. नमस्कार.

नागपूरला तू दवाखान्याच्या बाकावर तोंडाला पदर लावून बसली होतीस आणि नलूला रक्त द्यायला नर्सनं पलीकडच्या खोलीत नेलं होतं. तेवढ्या वेळात आत काय बोलणं झालं ते मी तुला सांगितलं नाही. पण लपवून ठेवणं मला झेपत नाही.

मी डॉक्टरीण बाईंना विचारलं, पाळी याच तेलानं अडली का? त्या म्हणाल्या, "मी शपथेवर नाही सांगणार. उशीर दुसऱ्या कारणांनीही होतो." मग समजावून सांगितलं. शरीरातल्या ग्रंथी एकमेकींना रक्तातून निरोप पाठवतात, त्यांना हार्मोन म्हणतात. वाढ कधी, पाळी कधी, दूध कधी, सगळं त्या निरोपांवर चालतं. अशी रसायनं मध्येच शिरून खरा निरोप अडवतात किंवा खोटा पोचवतात, असं उंदरांवर दिसलं आहे. माणसांत किती, ते अजून कोणालाच नीट माहीत नाही. थायरॉइडवर परिणाम होत असावा असं त्यांना वाटतं. गोळ्या चालू ठेवायच्या, आणि तेल बंद झालं हेच मोठं औषध.

मी विचारलं, आत गेलेलं निघणार कधी?  म्हणाल्या, हळूहळू, वर्षं जातील. मग म्हणाल्या, बाईच्या अंगातून ते सगळ्यात जास्त बाहेर पडतं ते दुधातून. पहिल्या बाळाच्या वाट्याला सगळ्यात जास्त.

ताई, मला क्षणभर वाटलं मी चुकीचं ऐकलं. पुन्हा विचारलं. तेच उत्तर. त्या म्हणाल्या की तेव्हाचं तेव्हा बघता येईल, दूध तपासता येईल, तोवर बरंच कमी झालेलं असेल, आणि नऊ-दहा वर्षं पुढचं आजच धरून रडू नये. पण मी परतीच्या गाडीत तुमच्या दोघींसमोर बसून शेंगा सोलत होते आणि न खाता पदरात जमवत होते.

नलूला हे सांगू नकोस. सासूबाईंचे दाणे सुकताहेत. त्या अजून विचारतात, भिलाईचं तेल संपलं का.

तुझी तारा

*

सेक्टर १०, भिलाई
२२ मार्च १९८७

चि. सौ. तारास आशीर्वाद.

काल नलूला पाळी आली.

एवढं लिहून मी पेन खाली ठेवलं होतं. या एका ओळीसाठी मी दीड वर्ष देवाला भंडावून सोडलं आणि काल बातमी आली तेव्हा माझ्या हातातलं तांदळाचं सूप खाली पडलं. आनंदानं नाही. तुझ्या पत्रानंतर मला कळेनासं झालं होतं की आता देवाकडे मागू काय. पाळी यावी म्हणू, तर पुढे लग्न आहे, मूल आहे आणि ते दूध आहे. न यावी म्हणू, तर मी आई कसली? दोन महिने मी दिवा लावून नुसतीच उभी राहत होते.

हिरवी साडी ट्रंकेतून काढलीच नाही. नळावरही गेले नाही. दार लोटून तांदूळ वेचत बसले होते तर नलू समोर येऊन उभी राहिली.

"पेढे नाही आणले?"

"आणते."

"मग रडून कावून राहिली? आता तं आली ना!"

 ती खाली बसली, माझ्यासोबत तांदूळ गोळा करायला लागली. मग मान वर न करता म्हणाली, "दूधवाली बात आहे ना?"

 तारा, तिला माहीत होतं! त्या दिवशी रक्त देऊन आली तेव्हा तू बाहेर माझ्यापाशी आली होतीस आणि ही आत एकटीच डॉक्टरीण बाईंकडे गेली. तिनंच त्यांना विचारलं होतं, "मेरे बच्चे को तो कुछ नहीं होगा?" आपण दोघी तिच्यापासून लपवत होतो आणि ही पोर आपल्यापासून. गाडीत तिनंही शेंगा खाल्ल्या नव्हत्या, आता मला आठवतं.

मी तिचे हात धरले आणि म्हटलं, "नलू, माझ्यानं झालं गं हे. मीच केलं." ती म्हणाली, "तुले माहीत होतं काय? नाही ना. मग?" मग म्हणाली, "राग तो आता है, आई. खूप येते. पण तुझ्यावर काढू की चिंधूमामावर, मले समजूनच नाही राहिलं."  तुझ्याजवळ याचं उत्तर असेल तर कळव.

दुपारी हे पेढे घेऊन आले, साडी तिनं स्वतःच ट्रंकेतून काढली. बाया बोलावल्या नाहीत. खुर्सीपारहून रंभाला तेवढं आणवलं, ओटी तिच्या हातून भरली. लोक म्हणतील, हिला मूल नाही आणि हिच्या हातून ओटी? म्हणू देत. चिंधूनं वर्कशॉप सोडलं आहे, सुपेल्यात सायकली दुरुस्त करतो. रंभानं नलूच्या पदरात तांदूळ-नारळ घातलं आणि दोघी कितीतरी वेळ एकमेकींचे हात बघत बसल्या.

माझे गुडघे पुन्हा धरलेत, धरू देत. पण संध्याकाळी मी खाटेवर टेकले तर नलू नेहमीसारखी वाटी घेऊन आली, खाली बसली आणि हात पुढे केला. "पाय दे." मी दोन्ही पाय वर ओढून घेतले. मी ओरडलेच तिच्यावर, काय आणलंस म्हणून.

"तिळाचं आहे," ती म्हणाली. "आधी जलाके देखा मैंने."

मी वळून भिंतीतल्या देवळीकडे बघितलं. तिनं त्याच तिळाच्या तेलाची पणती लावून ठेवली होती. जळत होती.

तुझी ताई,
रत्नमाला